कागदांवर ठेवलेला वॉल्व

खराडीतल्या ऑफिसात माझ्या टेबलावर सहा-सात महिने एक पितळी वस्तू होती. मुठीत मावेल एवढी, मध्ये स्प्रिंग, कडेला रबराची रिंग. येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय?" मी खुर्चीत मागे रेलून सांगायचो, "माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट वॉल्व. काढून टाकला. आपल्या हवेत लागत नाही." समोरच्याचे डोळे विस्फारायचे, कारण आमच्या मजल्यावर बॉनेट उघडता येणारा माणूस दुर्मिळ होता. मलाही ते येत नव्हतं. पण तसं कोणी विचारलं नाही.

गंमत म्हणजे मला पगार इंजिनांचाच मिळायचा. परदेशी गाड्यांच्या इंजिनात जो कॉम्प्युटर असतो, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही तपासायचो. इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं ते तो ठरवतो, आणि त्यासाठी आधी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचं तापमान बघतो. पाणी थंड, तर पेट्रोल जास्त. तापलं, की हात आखडता. याचे तक्ते माझ्या टेबलावर असायचे. एसीच्या झोताने उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर तो वॉल्व ठेवला होता.

तो बाहेर आला तो माझ्या हुशारीने. माझी गाडी सेकंडहँड, कार्ब्युरेटर जाऊन कॉम्प्युटर आला त्या पहिल्या खेपेतली. मे महिन्यात मंडईजवळ आंब्याची पेटी घेऊन गर्दीत अडकलो आणि बॉनेटमधून वाफ निघाली. एक कलिंगडवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, चहा उकळला. गाळून घ्या."

गाडी ओढून विश्रांतवाडीला आमच्या घरामागच्या गॅरेजात नेली. तिथल्या वयस्कर मेकॅनिकला अख्खी गल्ली चाचा म्हणते. त्यांच्या आजोबांपासून हा धंदा. त्यांनी दोन मिनिटांत इंजिनाच्या पंख्याचा उडालेला फ्यूज शोधला, बदलला आणि हात पुसले.

"तो वॉल्वही काढून टाका," मी म्हणालो. इंजिन तापेपर्यंत पाण्याला गार करणाऱ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तो हा वॉल्व. पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी कशाला अडवायचं? माझ्या मामांनी त्यांच्या जुन्या गाडीचा काढला होता, ती मरेपर्यंत धावली.

"साहेब, ती गाडी वेगळी. हिच्यात कॉम्प्युटर आहे. राहू द्या."

"चाचा, मी कॉम्प्युटरमध्येच आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग प्रश्नच मिटला," म्हणाले, आणि वॉल्व काढून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. "जपून ठेवा. लागेल."

पावसाळ्यात बायको गाडी शिकली. ती मंडईजवळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी सातला हजर व्हावं लागायचं. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, कारण आदल्या दिवशी सराव मी घेतला होता. दुसऱ्यांदा मला न सांगता गेली आणि पास होऊन आली. दिवाळीनंतरच्या गारठ्यात ती रोज एकटी गाडी नेऊ लागली. मी गॅलरीतून बघायचो आणि मनातल्या मनात सूचना द्यायचो.

त्याच थंडीत गाडी पेट्रोल ढोसायला लागली. मागून काळा धूर, गाडीत वास. गुन्हेगार शोधायला मला वेळ लागला नाही.

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस तू. उगाच रेस देतेस. नीट जमेपर्यंत स्कूटर ने."

तिने किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "ठीक आहे. आठ दिवस तुम्ही चालवा. पेट्रोल कमी लागलं, तर मी परत कधी गाडीला हात लावणार नाही. नाही लागलं, तर चूक कबूल करायची. इथे स्वयंपाकघरात नाही. चारचौघांत."

मी हसून हो म्हटलं. ती हसत नव्हती. दोन परीक्षा देऊन मिळवलेली गोष्ट तिने पणाला लावली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आठ दिवस मी गाडी अशी चालवली, की मांडीवर दुधाचं भांडं आहे. सायकलवाले मागे टाकून गेले. पेट्रोल आणखी जास्त लागलं. तिने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "थोडा फरक आहे." कुठल्या बाजूला, ते सांगितलं नाही.

रविवारी दोघं आळंदी रोडवर पीयूसी काढायला गेलो. त्या माणसाने नळी धुराड्यात घातली, आकडा बघितला आणि विचारलं, "चोक ओढून ठेवलाय का?" जुन्या गाड्यांत थंड इंजिनाला जादा पेट्रोल द्यायला चोकची दांडी ओढायचे.

"यात चोक नसतो," मी ऐटीत म्हणालो. "कॉम्प्युटर असतो."

"मग त्याने ओढून ठेवलाय. सर्टिफिकेट मिळणार नाही."

परत येताना बायको डॅशबोर्डकडे बघत होती. "अहो, हा तापमानाचा काटा कधी वर येतच नाही. मी रोज बघते."

"खाली असलेलाच चांगला. गाडी थंड आहे."

"आमच्याकडे जंतू वाढवायची एक पेटी आहे," ती म्हणाली. "सदतीस डिग्रीला ठेवतात. कोणी दार नीट लावलं नाही, की आतलं तापमान चढत नाही आणि हीटर बिचारा दिवसभर चालूच. त्यात हीटरचा दोष नसतो. तुमच्या गाडीचं कुठलं दार उघडं राहिलंय, ते बघा."

मी म्हणालो, "इंजिन म्हणजे पेटी नव्हे." हे वाक्य आमच्या घरात अजून वापरात आहे. मी काही ठासून सांगायला लागलो, की ती ते म्हणते.

सोमवारी ऑफिसात एक कागद हवा होता म्हणून मी वॉल्व उचलला. खालच्याच पानावर लिहिलं होतं: वीस मिनिटं चालूनही पाणी साठ डिग्रीच्या वर गेलं नाही, तर कॉम्प्युटर इंजिन थंडच समजेल आणि जादा पेट्रोल देत राहील, वॉल्व उघडा अडकल्याची शंका घ्यावी. शेजारी शेरा होता, 'तपासले, बरोबर.' त्याखाली सही माझी.

मी वॉल्व हातात धरून ती सही पुन्हा वाचली. मग माझ्या स्वभावाला अनुसरून पहिला विचार सुचला: गुपचूप बसवून घ्यावा. गाडी सुधारेल, श्रेय माझ्या आठ दिवसांच्या ड्रायव्हिंगला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट गॅरेज गाठलं.

चाचांनी मान वर न करता हात पुढे केला. "आणला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वहिनी काल संध्याकाळी येऊन गेल्या. काट्याचं विचारत होत्या. मी म्हटलं, वॉल्व साहेबांकडे आहे. त्या म्हणाल्या, सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू दे."

म्हणजे आदल्या रात्री तिने मला शांतपणे आमटी वाढली होती, सगळं माहीत असून! पैज ती जिंकलीच होती. ती फक्त माझी वाट बघत होती. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याहून जास्त वाटला अभिमान. हा बिघाड शोधायचा पगार मला मिळत होता, आणि शोधला तिने, एका न हलणाऱ्या काट्यावरून.

वॉल्व बसून होईतो ती कामावरून स्कूटरने परतताना आमची गाडी बघून आत आली. गॅरेजात चाचा, त्यांचा भाऊ, एक रिक्षावाला आणि एक स्टूलवर बसून पेपर वाचणारे आजोबा होते. चारचौघे मोजून भरले. मी घसा साफ केला.

"ही गाडी नीट चालवत होती. चाचा नको म्हणत असताना वॉल्व मी काढायला लावला. चूक माझी."

"साहेब, जरा मोठ्याने," रिक्षावाला म्हणाला. "रिक्षा चालू होती."

मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. आजोबांनी पेपर खाली केला आणि बायकोला म्हणाले, "बाई, लिहून घ्या." चाचांनी किल्ली पुसून माझ्या पसरलेल्या हातावरून पलीकडे तिला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर मंडईपर्यंत गेलो. माझं ऑफिस उलट दिशेला, पण मला काटा बघायचा होता. येरवड्यापर्यंत तो हळूहळू चढत मध्यावर आला आणि तिथे थांबला. सिग्नलला इंजिनाचा आवाज खाली बसला. तिने गिअर टाकला. सूचना न देता बसायला मीही शिकलो होतो.

मंडईजवळ तोच कलिंगडवाला आता पेरू मांडत होता. त्याने मला डावीकडच्या सीटवर बघितलं. "आज ताई चालवतायत होय? मग नाही उकळणार."

मी काच खाली करून सांगितलं, "रोज हीच चालवते."

मग किल्ली तिच्याकडे सोडून मी बसने खराडीला गेलो, आणि दिवसभर एसीच्या झोताने उडालेले कागद फार खुशीत गोळा करत होतो.