सात वाजताचा माग

नरसय्याकाकांना हळू बोलता यायचं नाही. सगळा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी ते त्याच्याशी रस्त्यापलीकडे असल्यासारखे बोलत. "वैनी, कुणाला सांगू नका हां!" असं म्हणून त्यांनी मला सांगितलेलं प्रत्येक गुपित अख्ख्या बोळाला त्याच क्षणी कळलेलं असे.

लग्न होऊन मी सोलापुरात त्या बोळात आले, तेव्हा आमची आणि त्यांची भिंत एकच होती. पलीकडे त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर पुढच्या खोलीत टॉवेलचे दोन माग, आणि मागच्या खोलीत काका, राजम्माकाकू आणि एकुलती एक पद्मा. पहिला महिनाभर माझं डोकं दुखलं. तक्रार करायला गेले तर काका ओरडून म्हणाले, "हुईल की सवय! आमच्या पद्माला पाळण्यात ह्यानंच झोपवलं!" झाली सवय. पुढे पुढे तर माहेरची माणसं मलाच विचारू लागली, तू एवढी का ओरडतेस म्हणून.

पद्मा बारावीला गेली आणि काकांच्या मनानं घेतलं की मागाच्या आवाजानं पोरीच्या अभ्यासाचं वाटोळं होतंय. परीक्षा जवळ आली तशी एका भरदुपारी त्यांनी दोन्ही माग बंद केले. बोळ दचकला. लाइट गेली तर सगळ्यांचेच माग थांबतात, पण एकाच घरचे थांबले म्हणजे तिथं एक तर कुणी वारलंय, नाहीतर दवाखान्यात आहे. मी तव्यावर पोळी तशीच टाकून धावले, तर पद्मा पुस्तक हातात घेऊन घाबरीघुबरी बाहेर आलेली.

"नान्ना, काय झालं? अम्मा कुठंय?" घरात त्यांचं तेलुगू चाले, पण नान्ना म्हणजे बाबा, बिड्डा म्हणजे लेकरू, एवढं मला एव्हाना कळत होतं.

"काय न्हाई बिड्डा! तू अभ्यास कर की! तुझ्यासाठीच शांत केलंय!"

"शांत झालं की छातीत धस्स होतं, नान्ना. आधी चालू करा."

काका मान हलवत आत गेले आणि खडाक-खट पुन्हा सुरू झालं. पद्मा चांगल्या मार्कांनी पास झाली.

तिला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. नातेवाईक म्हणाले, पोरीला एवढ्या लांब कशाला, इथं काय कॉलेजं नाहीत? काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "माझ्यासारखं बोंबलत बोलायला नको तिला! हळू बोलणाऱ्या माणसांत बसू द्या की!" एसटी स्टँडवर राजम्माकाकूंनी शेंगाचटणीचा डबा तिच्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला. काका रडले नाहीत. गाडी वळेपर्यंत खिडकीबरोबर चालत मोठमोठ्यानं सूचना देत राहिले, आणि घरी येऊन तडक मागावर उभे राहिले.

थोड्याच दिवसांत संध्याकाळी सातच्या सुमाराला तिचा फोन आला. मी तेव्हा काकूंजवळ भाजी निवडत बसले होते. मागाच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून काकूंनी स्पीकर लावला; पद्मा हुंदके देत होती. "अम्मा, मी परत येते. मला नाही जमत इथं. फार शांत आहे. पुस्तक उघडलं की वाटतं, घरी काहीतरी झालंय."

काकू जणू याच बोलण्याची वाट बघत होत्या. "ये बाई, ये," असं त्या म्हणतायत तोवर काकांनी फोन काढून घेतला.

"थांब बिड्डा, काय ऐकू येईना! माग बंद करतो!"

"नका! नका बंद करू, नान्ना."

काकांनी फोन मागाशेजारच्या सुताच्या कोनांवर, त्या उभ्या रिळांवर, टेकवून ठेवला आणि निमूट कामाला लागले. बऱ्याच वेळानं फोनकडे वाकून त्यांनीच विचारलं, "हाय का गं?"

"आहे. गणितं सोडवतेय."

परत येण्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. त्या दिवसापासून रोज सातला तिचा फोन येई आणि कोनांवर टेकवला जाई. पुढे काम घटलं, एक माग भंगारात गेला, दुसऱ्यालाही रोज सूत मिळेना. तरी सात वाजले की काका तो रिकामाच फिरवीत. "वीज काय फुकट येती?" काकू आतून कुरकुरायच्या. पण फोन चार्ज करून ठेवायच्या त्याच.

पद्मा तिसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी मी त्यांना पुरणपोळ्या द्यायला गेले. माग बंदच होता. काकांनी मला जवळ बोलावलं आणि चक्क हळू आवाजात बोलले. आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात एवढ्या एकाच वेळी.

"वैनी, पोरीला आता ह्याची गरज न्हाई. मैत्रिणी हसत्यात, गाणी लावत्यात, सगळं ऐकू येतंय मला. फोन कुटं तरी उशीखाली पडलेला असतोय."

"मग बंद करा की."

"बंद केला तर तिला वाटंल, घरी काय तरी झालं." मागावरून हात फिरवत ते म्हणाले, "आणि खरं सांगू का? ती गेल्यापास्नं मलाच घर लई शांत वाटतंय. माग चालू असला तरी."

डबा ठेवून मी घरी आले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. पुण्यात नोकरीला लागलेली पद्मा आली, दिवसकार्य झालं. पलीकडच्या शांततेनं मला घरात बसवेना. पद्मा निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे चहाला आली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते. शांततेची सवय मला पहिल्याच वर्षी झाली होती. पण सात वाजले की नान्ना माग लावून वाट बघत बसणार, म्हणून फोन करत राहिले."

मी तिला काकांचं ते हळू आवाजातलं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. ती हसली, हसता हसता रडली, आणि घड्याळात सात वाजत आलेले बघून उठली.

थोड्या वेळानं भिंत हादरली. खडाक-खट, खडाक-खट. काका गेल्यापासून तोंडातून शब्द न काढलेल्या राजम्माकाकू आतून ओरडल्या, "पद्मा, जपून! धोटा उडून लागंल!" मला भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं, पलीकडे सगळं नीट आहे. आणि मग मला रडू आवरलं नाही.