गोड पाण्याचा ठराव

गावाचं नाव कशाला घ्या? ठाण्याहून कल्याणकडे निघालं की खाडीच्या काठाला लागतं एवढं पुरे. त्या वेळच्या म्युनिसिपालिटीतल्या कमिटीवाल्यांची नातवंडं आजही तिथं मानानं मिरवतात, आणि सगुणाचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

सगुणा खालच्या पाड्यातली आगरीण. सगळा जन्म मिठागरावर गेला. पाड्याला पाण्याची एकच विहीर, तिला ते बाव म्हणत, आणि त्या बावीला कठडा नव्हता. अवस-पुनवेचं उधाण आलं की खाडी बांध ओलांडून सरळ बावीत उतरायची. मग सात-आठ दिवस बाया पाणी उपसत राहायच्या, तेव्हा कुठं ते पुन्हा गोडावर यायचं. तोवर प्यायचं पाणी अर्ध्या कोसावरच्या टेकडीवरून. वरच्या आळीतली विहीर हाकेच्या अंतरावर होती, पण तिथं आगऱ्याची घागर गेली असती तर आळीचं सोवळं मोडलं असतं ना!

त्या माघी पुनवेला सगुणाची सून शकू, सहा महिन्यांची गरोदर, दोन घागरी घेऊन टेकडी उतरताना घसरली. पोर वाचलं. सुईण म्हणाली, "आता परत पडली तर नाय वाचायचं." तेव्हापासून सगुणाच्या डोक्यात एकच गोष्ट. पोर यायच्या आत बावीला कठडा.

गावाला नवी म्युनिसिपालिटी मिळाली होती. सन अठराशे अठ्ठ्याऐंशी. सगुणानं कुणाच्या तरी हातापाया पडून अर्ज लिहून घेतला. कमिटीचे अध्यक्ष परशुरामपंत पंचांग पाहिल्याशिवाय शिंकतही नसत. त्यांनी पाहणीला मुहूर्त काढला तो अष्टमीचा. खाडीवरचं शेंबडं पोरही सांगेल की अष्टमीला भांग असतो, पाणी वर चढतच नाही. पण पंतांना विचारणार कोण?

"पंत, अवसेला या," सगुणा हात जोडून म्हणाली. "आज खाडी झोपलीय. आज तुमाना काय दिसनार?"

"अमावास्येला सरकारी काम? शहाणीच आहेस."

सात मेंबरांतल्या सहांना तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. सातवे अँब्रोज, चर्चजवळचे बागायतदार, त्यांना कसला विटाळ? त्यांनी ओंजळ धरली, प्याले आणि खरं तेच बोलले, "गोड आहे." बिचारा प्रामाणिक माणूस, पण त्याच्या प्रामाणिकपणानं पाड्याचा गळा कापला. बुकात ठराव पडला: पाणी गोड, तक्रार खोटी. कठड्याचे पैसे वरच्या आळीतल्या घासलेटच्या दिव्यांना गेले. पहिला दिवा कुणाच्या दारात लागला हेही सांगायला हवं का?

सगुणा रडली नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. खोटारडी म्हणाले तिला, तिनं जन्मभर चाखलेल्या पाण्यावरून!

पुढच्या अवसेला उधाण आलं, बाव भरली. सगुणानं अंगणात परातीएवढा वाफा चोपला, अगदी मिठागरात चोपतात तसा, आणि बावीचं पाणी त्यात ओतत राहिली. फाल्गुनाचं ऊन. सहाव्या दिवशी वाफ्यात पांढरं फुललं. ते तिनं पळसाच्या पानात बांधलं, कमिटीची सभा भरली होती तिथं गेली आणि पंतांच्या टेबलावर पान सोडलं.

"हे तुमच्या गोड पान्याचं मीठ. आता लिवा बुकात."

अँब्रोजनी मान खाली घातली. पंतांच्या ओठांवर मात्र हसू आलं.

"हे तू केलंस? स्वतः? आणि परवाना?"

मिठागरावर जन्म काढून सगुणा एवढी एक गोष्ट विसरली होती. सरकारच्या परवान्यावाचून चिमूटभर मीठ पिकवणं हा गुन्हा. पंतांनी शिपाई पाठवून मिठाचा दारोगा बोलावला. त्यानं जबानीचा कागद पुढे ओढला.

पंत मायेनं बोलले, अगदी लेकीशी बोलावं तसे. "हे बघ, मीठ बाजारातलं होतं, बावीचं पाणी गोडच आहे, असं लिहून दे. सून अवघडलेली आहे तुझी. तुरुंगात जाऊन काय मिळणार?"

सगुणानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दारोग्याला म्हणाली, "लिवा. खालच्या पाड्याची बाव. उधानाला खाडी आत येते. पानी खारट. त्याच पान्याचं मीठ मी केलं." लिहून झालं तसं तिनं त्याला ते वाचायला लावलं, परत एकदा वाचायला लावलं, मग बोरू धरून खाली सहीच्या जागी बांगडीची निशाणी काढली. पंधरा दिवस ठाण्याच्या तुरुंगात दळण दळलं. इकडे पाड्यातल्या बायांनी पाळी लावून शकूच्या घरी पाणी भरलं, तिला टेकडीची पायरी चढू दिली नाही.

कागद मात्र वर गेला. दोन महिन्यांत मीठखात्याच्या साहेबाचं पत्र कमिटीला आलं: सदर विहिरीत खाडीचं पाणी शिरत असल्यानं रयतेला चोरून मीठ करायची सोय होते, सरकारचं नुकसान होतं, सबब उंच कठडा ताबडतोब बांधावा. आठ दिवसांत दगड आले, चुना आला, गवंडी आले. बायांच्या तहानेसाठी जे पैसे नव्हते ते सरकारच्या मिठासाठी आठ दिवसांत निघाले. जळो ती कमिटी!

शकूला मुलगी झाली. तिची पहिली आंघोळ त्याच बावीच्या पाण्यानं.

पंतांनी कठड्याला नारळ फोडायचा बेत केला, शिपायाहाती सगुणाला मानाचं बोलावणं धाडलं. मुहूर्त अष्टमीचा.

सगुणा नातीला तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "पंतांना सांग, अवसेला ठेवा. मग येते."