भागामावशींचं रोजचं घमेलं

मिरजगावजवळच्या पाझर तलावाच्या कामावर पोरं सांभाळणाऱ्या भागामावशींचा गहू चालू राहणार. काल संध्याकाळी नगरच्या पोस्टाच्या पायरीवर प्रमिलाबाईंनी हे पक्कं सांगितलं, तेव्हा कुठे मला भूक लागल्याची जाणीव झाली.

प्रमिलाबाई मुंबईच्या एका संस्थेच्या. परदेशातून आलेला गहू ही संस्था दुष्काळी कामांना पुरवते. त्या काम बघायला निघाल्या आणि साप्ताहिकासाठी लिहायचं म्हणून मीही पुण्याहून पहाटेच्या एसटीत चढलो. तुम्ही जाणार असाल तर नगरच्या स्टँडवर गाडी बदलताना पाणी भरून घ्या. यंदा, १९७३च्या या उन्हाळ्यात, पुढे कुणाकडे पाणी मागायलाही जीव होत नाही. मिरजगावात चहा आणि शिळी भजी मिळाली. तिथून कामापर्यंत पायी. रस्ता सपाट आहे, सावली नाही.

तलावाच्या बांधावर बायकांची रांग माती वाहत होती. एकुलत्या बाभळीला लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, आणि त्यांच्यामध्ये बसून भागामावशी दोन दोऱ्या एकदम ओढत होत्या.

"या काय काम करतात?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

मुकादम गेनबा चाचरला. "माती वाहत्यात. सकाळी एक घमेलं."

"आणि मग दिवसभर?"

गेनबाने हजेरीची वही मिटून काखेत मारली. संस्थेचा नियम साधा होता: माती उचलेल त्याला गहू. मावशींचे गुडघे गेलेले, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. त्यांचं नाव कटलं की चूल थंड.

"खोटं न्हाई बाई," मावशीच म्हणाल्या. "रोज एक घमेलं टाकते. फुकटचं खात न्हाई."

रांगेतली सखू थांबली. "काढा की मावशीला! आमी पोरं काखंत मारून माती वाहू. बांध मग पुढल्या साली बघायला या."

"गप गं सखू!" गेनबाने दटावलं.

तेवढ्यात एक पोर रडायला लागलं. प्रमिलाबाईंनी उचललं तर ते आणखीच किंचाळलं. "त्याला साबनाचा वास सोसंना," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, प्रमिलाबाईसुद्धा. मावशींच्या मांडीवर जाताच पोर गप्प.

दुपारी भाकरी आणि लसणाची चटणी खाताना गेनबा हळूच बोलला. "बाई, गहू मातीला मिळतो म्हनून आमी माती मागितली. पोरांचं काय करनार, ते कुनी इचारलंच न्हाई."

प्रमिलाबाईंनी उरलेली भाकरी संपवली आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. परतताना नगरला उतरून त्यांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. बराच वेळ बाकावर काढल्यावर लाइन लागली. मला एकच बाजू ऐकू येत होती. "नाही साहेब, माती नाही. पोरं. हो, तेच काम... मग बांध थांबेल, चालेल?" बाहेर येऊन त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मान्य. आता चहा पाजा."

मिरजगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे गेनबासाठी चिठ्ठी दिली. पुण्याच्या गाडीत प्रमिलाबाईंना नगरबाहेरचं केडगाव यायच्या आतच झोप लागली.

घरी येऊन आंघोळ केली तरी कानात धूळ आहेच. आजवर अशा कामांवर लिहिताना मी बांधाची लांबी विचारत आलो. झोळ्यांकडे पाहिलं नव्हतं. चिठ्ठी आज पोचली असेल. आठवड्याची सुट्टी संपून सोमवारी काम सुरू होताना मावशी घमेल्याकडे न वळता थेट बाभळीखाली जातील. सवयीने वळल्याच, तर सखू ते हातातून काढून घेईल.