कोरं बोट

मतदानाच्या शाईचा वास आला की आई आठवते. करावे गावात ओहोटी लागली की बायका खडकावरची कालवं फोडायला खाडीत उतरायच्या. आमच्या जमिनी सरकारात जाणार होत्या, म्हणून त्या मतदानाला आईने ओहोटी सोडली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि मला घेऊन शाळेत गेली. "बाई, तुमचं मत पडलंय," टेबलामागचा माणूस म्हणाला. "माजा बोट तं कोरा हाय!" आईने बोट पुढे केलं. दारातली गावचीच पोरं हसली. पुढच्या निवडणुकीला शेजारीण बोलवायला आली, तर आई टोपली घेऊन खाडीकडे निघालेली. "माजा मत कोनपन टाकल, पन कालवा माजी मनाच फोरायची हान." आता रांगेत माझा नंबर येतो, आणि समोरचा माणूस नाव शोधत असतो तोवर मी बोट मुठीत घट्ट धरून ठेवते.