आक्काच्या हातांची साक्ष

आक्का बोलायला सुरुवात करायची ती तोंडानं नाही, हातांनी. दोन्ही पंजे समोरच्याच्या नाकाशी नेऊन उघडायची आणि म्हणायची, "ह्ये बघ. ह्यात पडलास तू."

मग समोर कोण आहे ते ती बघायची नाही. सरपंच असो, तलाठी असो. एकदा एसटीच्या कंडक्टरनं तिकीट मागितलं तर त्याला पंजे दाखवले. तो आमच्याच गावचा. त्यानं भर गाडीत वाकून नमस्कार केला आणि तिकीट फाडलं, हाफ. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट असते आणि आक्काची ऐंशी कधीच उलटलेली, पण आधार कार्डावर ती अजून बहात्तरची होती. आधारच्या क्याम्पात तिथल्या पोरानं वय विचारलं तेव्हा ही म्हणाली होती, "तुला काय वाटतं ते लिही." त्याला कमी वाटलं. आम्ही हसून हसून लोळलो होतो. ते हसणं आता आठवतं.

आमच्या किनाऱ्यावरची ती शेवटची सुईण. मी तिच्या शेवटच्या दहा-बारा बाळंतपणांतला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी थांबलो नाही, आणि आलो तोही पायाकडून. म्हणून मला नाव असूनसुद्धा ती पायाळ्याच म्हणायची. कुणाची कंबर भरली की धरून न्यायची, "लाव रं पाय ह्यांच्या पाठीला." निम्म्या गावाच्या पाठीवर मी पाय ठेवलाय. असा मान आमदारालाही नाही.

माझं दुकान तहसील कचेरीच्या समोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. गिऱ्हाईक ताटकळलं की मी साहेब लोकांचे आवाज काढून दाखवतो. पण सगळ्यात जास्त मागणी आक्काच्या आवाजाला. आणि खरं सांगतो, जन्माचे दाखले शोधायचं अर्धं शिक्षण मला तिनंच दिलंय. कुणी दाखल्याला आलं की माझ्या बाकड्यावर बसलेली आक्का विचारायची, "जल्म कुठं झाला त्ये नको सांगू. आई कुठली त्ये सांग." कारण पहिलटकरीण माहेरी जाते. माणूस आयुष्यभर बापाच्या गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतो आणि त्याची नोंद आजोळच्या वहीत आरामात झोपलेली असते. आणखी जुनं असेल तर तहसिलात कोतवाल बुक. त्या काळी कोतवाल गावात फिरून जन्म-मृत्यू लिहायचा. त्यात मुलाचं नावच नसतं. बारशाआधी नाव कुठलं? बापाचं नाव, तारीख, आणि पुढे 'मुलगी' किंवा 'मुलगा'. सापडलं नाही, तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा, त्याला प्रतिज्ञापत्र जोडायचं, आणि मग उशिराच्या नोंदीसाठी अर्ज. हे सगळं मी आता झोपेत म्हणतो.

तर एक दिवस आक्का भिकीमावशीला घेऊन आली.

भिकीमावशी साठ-एकसष्टची. लग्न झालं, वर्षात परत आली, आणि त्यानंतर बापाच्या वाडीत जी राबतेय ती राबतेय. वादळानं अर्धी सुपारी आडवी केली तेव्हा लोक फोटो काढत होते आणि ही दुसऱ्या दिवशी खड्डे खणत होती. बाप गेला. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला ही गेली, तर पनवेलच्या चुलतभावानं हरकत घेतली. म्हणे, काकांना मूलबाळ नव्हतं, ही विकत घेतलेली.

आता गंमत अशी, की विकत घेतलेली हे खोटं नव्हतं. तिच्या आधीची चार भावंडं चौलला, आईच्या माहेरी, जन्मून गेली होती. म्हणून ही झाली तशी तिला सुपात घालून शेजारणीला दिली, आणि शेरभर तांदूळ देऊन परत आणली. नाव भिकी ठेवलं. म्हणजे मरणाला वाटावं, ही काय यांची नाही, नेण्यासारखंही काही नाही. मरण फसलं. गावानं मात्र 'विकत घेतलेली' हे लक्षात ठेवलं. शाळेत ती गेली नाही, आणि रेशनकार्डावर नात्याच्या रकान्यात कुणीतरी 'इतर' टाकलेलं.

"हिचा जल्म काढ," आक्का म्हणाली.

मी लगेच तिच्याच आवाजात, पंजे उघडून, "जल्म कुठं झाला त्ये नको सांगू..."

ती हसली नाही. "आई चौलची. तिकडंच अर्ज दे. त्ये सांगतील न्हाय म्हणून. तसं लिहून घे आन् गप बस. पुढचं मी सांगन. माज्या हातांनी झालीय ती."

चौलहून खरंच 'आढळत नाही' आलं. आक्का खूश. "झालं. आता माजं काय त्ये पत्र कर."

इथं माझी अक्कल मध्ये आली. मी म्हटलं, आक्का, चार चौलला झाली आणि चारही गेली, म्हणजे पाचव्या खेपेला बाईला माहेरी पाठवलंच नसेल. तू काढलीस म्हणजे ही इथं झाली. मग इथलं कोतवाल बुक बघू की!

"नको," आक्का म्हणाली.

"का?"

"नको म्हनले ना. सगळंच उकरायचं नसतं, पायाळ्या."

मला वाटलं, म्हातारी दमली. मी गुपचूप अर्ज टाकला. तीन आठवड्यांनी नक्कल हातात आली आणि मी दुकानात नाचलो. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, 'मुलगी'. शेवटच्या रकान्यात शेऱ्याचं काहीतरी मुंगीच्या पायांसारखं लिहिलेलं. ते कोण वाचतंय? मी स्वतः ती नक्कल फाईलला लावली. वर टाचणी नको, पडेल, म्हणून स्टेपल मारला. दोनदा.

सुनावणीला साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि मोठ्यानं वाचलं. "सहावे दिवशी मयत."

चुलतभावाच्या वकिलाला बोलावंच लागलं नाही.

भिकीमावशी माझ्याकडे बघत होती. मी आक्काकडे. आक्का जमिनीकडे.

"साहेब," ती म्हणाली, "ती मेली न्हाय. ही काय, बसलीय."

"मग असं का लिहिलंय?"

"आमीच लिवायला लावलं. माज्या सासूनं हिच्या बापाला सांगितलं, कोतवालाला सांग, गेली म्हणून. सहाव्या दिवशी सटवाई येती ना नशीब लिवायला. जी लिवती, ती वाचत पन असंल. वहीत गेली दिसली तर म्हणंल, हितं आपलं काम न्हाय. मी नवी सून होते, सासूच्या हाताखाली. डोकं मी धरलं हिचं." आणि तिनं पंजे उघडले. "ह्ये बघा. ह्यात."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पंजे बघितले, मग तिचं आधार कार्ड बघितलं. "आजी, तुमचं वय बहात्तर. या बाई एकसष्टच्या. म्हणजे तुम्ही अकराव्या वर्षी बाळंतपण केलंत?"

मागचे लोक हसले. मलाही, देवाशपथ, तोंडात हसू आलं होतं.

बाहेर पायरीवर मी म्हटलं, "आक्का, मला सांगायचं ना आधी."

"सांगितलं असतं तर तू नकला केल्या असत्यास," ती म्हणाली.

मग आम्ही आक्काचं वय दुरुस्त करायच्या मागे लागलो. त्यासाठी आक्काचा जन्म शोधायला हवा. मी तिलाच विचारलं, "आई कुठली ते सांग." ती म्हणाली, "खाडीपल्याडची म्हनत व्हते. मी चार वर्षांची असताना गेली ती." खाडीपलीकडच्या तीन गावांत अर्ज टाकले. तीन दाखले आले, तिन्हींवर एकच ओळ. सगळ्या किनाऱ्याला जन्माला घालणारी बाई स्वतः कुठल्याच वहीत जन्मलेली नव्हती.

तरी भिकीमावशीच्या जन्माचं प्रतिज्ञापत्र ती करायचंच म्हणाली. मी टाईप केलं. अंगठ्याला शाईचं पॅड पुढं केलं, तर तिनं माझी नजर चुकवून दोन्ही पंजे पॅडवर घासले आणि कागदावर, मजकुरावरच, दाबून धरले. धप्प.

"आक्का! एकच अंगठा लागतो! डावा!"

"पोर काय अंगठ्यानं काढतात व्हय?"

दुसरा कागद काढला, त्यावर डावा अंगठा घेतला, तो फाईलला गेला. खराब झालेला माझ्या खणात राहिला.

निकाल आला. वहीतली मुलगी मयत, या बाईंचा संबंध सिद्ध होत नाही, वाटल्यास दिवाणी न्यायालयात जावं. मी आक्काला वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सटवाई फसली, आन् संगं ह्ये कचेरीवालं बी फसलं." त्यानंतर ती बाकड्यावर यायची, पण कुणालाही आई कुठली ते विचारायची नाही. लोक विचारायचे, आज आक्का गप्प का? मी सांगायचो, तब्येत.

पावसाळा संपता संपता ती गेली. झोपेत. मृत्यूची नोंद चार दिवसांत झाली. दाखला मीच आणला. सगळं बिनचूक होतं, फक्त वय बहात्तर होतं.

परवा भिकीमावशी दुकानात आली. चुलतभावानं महिन्याची मुदत दिलीय. वाडीत खोल्या बांधायच्यात त्याला, पर्यटकांसाठी. तिनं वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्या यंदा पहिल्यांदा धरल्यात. कोर्टाचं मी काढलं, तर तिनं हात झाडले. "साक्षीला कोन, तू?"

मग म्हणाली, "आक्काचा तो हातांचा कागद हाय का रे तुझ्याकडं?"

खणातून काढला. शाई सुकून जांभळी झालेली, बोटांच्या खाली मजकूर दिसत होता. मी तो लॅमिनेट करायला घेतला. प्रतिज्ञापत्रात मावशीच्या जन्मतारखेची जागा आक्कानं तेव्हा मोकळी ठेवायला लावली होती, म्हणाली होती साहेबांसमोर सांगीन.

"मावशी, इथं तारीख घालू का? मशीनमध्ये गेल्यावर मग लिहिता येणार नाही."

"कुठली घालशील?"

"वहीत आहे ना. कोतवालाच्या."

तिनं मान हलवली. "ती त्या मेलेलीची हाय. माजी आक्काला ठाऊक व्हती."

मी पेन खाली ठेवलं आणि कागद तसाच मशीनमध्ये सारला.