रॅमच्या पट्टीवर दात्याचं नाव

आमच्या कुडव्याच्या वाचनालयात बसायचं म्हणजे कुणाच्या तरी नावावर बसायचं. बाकांच्या पाठींवर पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये दात्यांची नावं आहेत. कपाटांवर आहेत, माठाच्या तिवईवरही एक आहे. भिंतीवरच्या घड्याळात सहा आणि सातच्या जागी एका कंत्राटदाराचं नाव लिहिलेलं आहे. लहान काटा त्याच्या आडनावावर आला की आम्ही वाचनालय बंद करतो.

पंखा अध्यक्षांनी दिलेला. त्याच्या एका पात्यावर त्यांची पदवी आहे, दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर आडनाव. पंखा फिरू लागला की यातलं काहीच वाचता येत नाही, म्हणून पाहुणा आला की अध्यक्ष आधी पंखा बंद करायला लावतात. मे महिन्यात गोंदियाच्या उन्हातून आलेला माणूस मान वर करून, घाम पुसत, तिन्ही पाती वाचतो. मग त्याला पाणी मिळतं.

अध्यक्षांची राइस मिल आहे. त्यांना सगळे शेठजी म्हणतात. मला ते मास्तर म्हणतात, कारण मी पोस्टातून निवृत्त झालो. मी शेवटपर्यंत काउंटरवरच होतो, पोस्टमास्तर कधी झालो नाही, हे सांगून मी दमलो. वाचनालयाचा मी सचिव आहे. शेठजींना वाचायचा कंटाळा असल्यामुळे कुणीतरी वाचून सही करणारा लागतो.

वाचनालयात एक लॅपटॉपही आहे. तो निवडणुकीच्या तोंडावर आला. झाकणावर दात्याचा हसरा फोटो चिकटवलेला आहे. निवडणूक झाली, फोटोचे कोपरे उलले, आणि त्या लॅपटॉपकडे फिरकणारं एकच माणूस उरलं. मागच्या गल्लीतली एक सून. सिव्हिलची पदविका झालेली, कडेवर दोन वर्षांचं पोरगं. नागपूरच्या एका ऑफिसने तिला घराचे नकाशे काढायचं काम देऊ केलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत एका दुमजली घराचे सगळे नकाशे पाठवायचे. जमलं तर इथूनच काम करायचं, नाही जमलं तर नागपूरला येऊन राहायचं. घरी सासूने निकाल देऊन ठेवला होता, नागपूरला जायचं असेल तर पोरगं इथंच राहील.

आणि लॅपटॉप असा की जिना काढायला घेतला की पडदा गोठायचा.

"काकाजी, हा विचार करून राहिला आणि मी याच्या तोंडाकडे पाहून राहिली," ती मला म्हणाली. "याले मेमरीच नाही जी. एक जागा खाली आहे आतमध्ये. आठ जीबीची पट्टी टाकली का धावते."

मी म्हटलं, मी आणून देतो. ही बातमी शेठजींना लागली. सचिवानेच दान करायचं तर अध्यक्षाने काय करायचं, असा प्रश्न उभा राहिला आणि मिलच्या ऑफिसात बैठक बसली. बैठक म्हणजे शेठजी, मी आणि ती.

रॅम म्हणजे काय ते तिनेच सांगितलं. गोदाम मोठं आहे, पण पोती उघडून पसरायला अंगण लहान आहे; अंगण वाढवायचं आहे. शेठजींना हे पटलं. बाजारात दुसऱ्या कंपनीची पट्टी मिळते, ती चालेल, असं तिने म्हटल्यावर मात्र ते ताठ झाले.

"दुसरी कंपनी कायले? ज्याचा लॅपटॉप त्याचीच मेमरी पाहिजे. थर्ड पार्टी घुसली का सोयरीकसुद्धा मोडते."

लॅपटॉपच्या कंपनीची पट्टी मागवावी लागणार होती आणि ती शनिवारनंतर येणार होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाद घालायची हौस नाही, पण समोर शेठजींच्या तांदळाच्या थैल्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर त्यांचाच फोटो होता.

"शेठजी, या थैलीतला तांदूळ तुम्ही पिकवता?"

"मी कायले पिकवू? लोकांचा धान घेतो, काढतो, भरतो."

"मग नाव कुणाचं?"

"थैली ज्याची त्याचं."

"लॅपटॉपवाले तेच करतात. आतली चिप बनवणारे वेगळेच असतात. हे आपला कागद चिकटवतात आणि भाव वाढवतात. दुसरी कंपनीही तशीच चिप घेते, तिचा कागद फक्त साधा असतो."

शेठजींनी एका थैलीवरच्या आपल्या फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे सारा खेळ कागदाचा आहे." आयुष्यात पहिल्यांदा आपण त्यांना काहीतरी समजावू शकलो म्हणून मी खूश झालो. त्यांना किती नीट समजलं होतं ते गुरुवारी कळलं.

मंगळवारी आम्ही तिघं शहरात गेलो. ती जुन्या पट्टीचा फोटो दाखवत असतानाच दुकानदाराने लाल-निळे दिवे लागणारी एक जाडजूड वस्तू काढून काउंटरवर ठेवली.

"सेठजी, ये गेमिंगवाला है. देखिए, लाइट जलती है."

शेठजी तिच्या प्रेमातच पडले. "हेच द्या. लाइट जळते, म्हणजे नाव दिसेल."

"ही डेस्कटॉपची आहे, भैया," ती म्हणाली. "लॅपटॉप में कहाँ घुसाऊँ इसको?"

दुकानदार हसला. पकडला गेला की तो असाच हसतो. मी त्याच्याकडून एकदा की-बोर्ड घेतला आहे. मग त्याने लॅपटॉपच्या पट्ट्या काढल्या. तिने प्रत्येकीचा कागद वाचला. डीडीआर फोर हवी, वेग आणि व्होल्टेज जुनीशी जुळणारं हवं, खालची खाच त्याच जागी हवी. जाहिरातीत काय लिहिलंय, डब्यावर वाघ आहे की विजेचा लोळ, तिकडे तिने पाहिलंच नाही. एक हिरवी, बोटभर लांबीची, दिसायला अगदी गरीब पट्टी तिने उचलली. कंपनीची आजन्म हमी होती.

"इतकीशी?" शेठजी म्हणाले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. ते जागा शोधत होते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तिला ती लगेच नेऊन बसवायची होती. शेठजींनी पाकीट खिशात टाकलं. "परवा कार्यक्रम आहे ना. पाहुणे बोलावले आहेत. तोवर माझ्यापाशी राहू द्या."

"शेठजी, तिचं काम शनिवारी द्यायचं आहे," मी म्हटलं.

"मास्तर, मी दान करून राहिलो का चोरी करून राहिलो? दान काय लपूनछपून करायचं?"

त्या दोन दिवसांत तिने जिना आणि छत सोडून बाकीचं घर काढलं.

गुरुवारी दुपारी वाचनालयासमोर मांडव पडला. एका रॅमसाठी मांडव घालणारं गाव जगाच्या पाठीवर दुसरं नसावं. आमच्या घरी आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि नारळ फोडणं सोडलं. तेव्हापासून समारंभात आमच्याकडे खुर्च्या मांडायचं काम येतं. मी खुर्च्या मांडल्या. प्रमुख पाहुणे आले, पंखा बंद झाला, तिन्ही पाती वाचून झाली. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुण्यांनी सांगितलं की पूर्वी माणसाकडे मेमरी होती आणि आता ती यंत्राकडे गेली; यात दुःखाची गोष्ट कोणती आणि आनंदाची कोणती ते त्यांनी सांगितलं नाही. शेठजी स्वतःच्या दातृत्वाबद्दल बोलायला संकोचत होते, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

टेबलावर लॅपटॉप उलटा ठेवला होता. तिने खालचं झाकण आधीच काढलं होतं, बॅटरीची वायर सोडवली होती. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून तिने बाजूच्या लोखंडी कपाटाला हात लावला. कपाटावर शेठजींच्या वडिलांचं नाव आहे. तिने नमस्कार केला असं समजून शेठजींना भरून आलं.

मग ताटातल्या लाल मखमलीवरून पट्टी आली.

ती आता हिरवी नव्हती. कंपनीचा कागद खरवडून काढलेला होता. एका बाजूला "सप्रेम भेट" आणि दुसऱ्या बाजूला शेठजींचं संपूर्ण नाव, पदवीसह, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये. पंखा रंगवला त्याच पेंटरचा हात. इतक्या छोट्या जागेत त्याने नाव बसवलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. जागा उरली म्हणून नावाखाली वेलबुट्टी काढली होती, आणि ती वेल पट्टीच्या सोनेरी दातांवर चढली होती. जिथून वीज जाते नेमकी तिथे.

ती हळूच म्हणाली, "काकाजी, दात रंगवले जी."

"लाव ना बाई, काय पाहून राहिली?" शेठजी म्हणाले.

"हे लावलं तर सुरू होणार नाही, शेठजी. आतली जागासुद्धा खराब होईल."

"सुरू करायले कोण म्हणते? फोटो काढायचा आहे."

मी समारंभ बरेच पाहिले आहेत, पण त्यांचा हेतू इतक्या मोजक्या शब्दांत कुणी सांगितलेला ऐकला नव्हता. तिने पाहुण्यांच्या बोटांत पट्टी दिली, त्यांचा हात धरून खाचेच्या वर, न टेकवता, तसाच ठेवला. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. मंडळी नागऱ्याच्या देवळात दर्शन घेऊन जेवायला जाणार होती, ती गेली. मांडवात मी, ती, रंगवलेली पट्टी आणि रिकाम्या खुर्च्या राहिलो.

शुक्रवारी सकाळी आम्ही दुकान उघडायच्या आधीच दुकानासमोर उभे होतो. दुकानदाराने पट्टी नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"ये क्या है, अंकल? दरवाजा पेंट करवाए क्या?"

"बदलून द्या. आजन्म हमी आहे."

"हमी स्टिकर पे थी. सीरियल नंबर किधर है?"

सीरियल नंबर शेठजींच्या पेंटरने नखाने काढून टाकला होता. तशी दुसरी पट्टी दुकानात नव्हती. सोमवारी येणार होती. मी तिथूनच शेठजींना फोन लावला. ते म्हणाले, "कंपनीची हमी गेली तर गेली. माझी हमी आहे ना!" त्यांच्या हमीवर लॅपटॉप सुरू होत नाही, हे मी त्यांना म्हणालो नाही. सोमवारपर्यंत थांबणं तिला शक्य नव्हतं.

आम्ही स्कूटीवरून परत आलो. वाचनालयात आल्यावर ती म्हणाली, "काकाजी, खोडरबर आहे का? पांढरं, साधं."

तिने कापसाला स्पिरिट लावून रंग नरम केला, मग एकेक दात खोडरबराने घासला. हलक्या हाताने, पोराचं नाक पुसावं तसं. पोरगं टेबलाखाली बसून माझी चप्पल काढत होतं. वरच्या चिपांवरच्या नावाला तिने हात लावला नाही. म्हणाली, तिथे घासलं तर सोल्डरचे बारीक टाके निघतील. त्यामुळे वेल गेली आणि नाव राहिलं. तिने पट्टी तिरकी घालून दाबली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या कट्‌ करून बसल्या. बॅटरी जोडली. झाकण लावलं.

पडदा काळाच राहिला. मी घड्याळाकडे पाहिलं. काटा अजून कंत्राटदारापासून दूर होता. तिने पुन्हा उघडलं, पट्टी काढली, पुन्हा घासली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. या वेळी पडदा उजळला. जुनी चार आणि नवी आठ, बारा जीबी दिसले. तिने जिना काढला. पडदा गोठला नाही, आधी काढलेली गॅलरीही जागेवरच राहिली. दोन्ही एकदम पडद्यावर आल्यावर तिने पहिल्यांदा पदर कपाळावर फिरवला आणि मला म्हणाली, "आता तुम्ही बोलू नका जी."

मी पोराला घेऊन पायरीवर जाऊन बसलो.

शनिवारी सकाळी ती छताचा शेवटचा नकाशा काढत असताना शेठजी आले. मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर काचेची पेटी.

"झाकण काऊन लावलं?" शेठजींनी विचारलं. "आतमधलं नाव कोण पाहील? याच्यात उलटा ठेवू. झाकण काढून. येणाराजाणारा पाहील."

तिचे हात की-बोर्डवरच थांबले. पडद्यावर छत अर्धं होतं. तिने शेठजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. हमाल पेटी कुठे ठेवू म्हणून विचारत होता.

या माणसाला काम, शनिवार, नागपूर, पोरगं यातलं काहीही सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "शेठजी, नाव फार बारीक आहे. काचेतून पाहायचं म्हणजे लोकांनी वाकायचं. तुमच्या नावासमोर लोक वाकून डोळे बारीक करतात, बरं दिसेल का?"

त्यांनी हमालाला हाताने थांबवलं.

"भिंतीवर फलक लावा. टेबलाच्या बरोबर वर. या लॅपटॉपची मेमरी अमक्यांकडून सप्रेम भेट."

"केवढा?"

"भिंत जेवढी आहे तेवढा."

शेठजी मागे सरकले आणि डोळ्यांनी भिंत मोजली. मग हमालाला म्हणाले, "चल. पेंटर जेवायला जाईल." काचेची पेटी आली तशी परत गेली. दुपारी तिने नकाशे पाठवले.

काम तिला मिळालं. ती अजून त्याच टेबलावर बसते, कारण आमच्या भागात इंटरनेट नीट मिळतं ते इथेच. डोक्यावर फलक आहे. दाराइतका उंच, अक्षरं लाल. पाहुणे आले की शेठजी त्यांना टेबलासमोर उभं करतात. खाली काय चाललंय हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. तिचं डोकं शेवटच्या ओळीवर येतं, म्हणून फोटोच्या वेळी शेठजी म्हणतात, "बाई, जराशी सरक वो."

ती लॅपटॉपसकट सरकते आणि टाइप करत राहते. पाहुणे फाटकाबाहेर पडले की उठते आणि पंखा लावते.