परीक्षानळीतला फट्
न्हाणी धुवायला ॲसिडची बाटली उघडली, की त्या उग्र वासानं मला शिरूरच्या शाळेतली प्रयोगशाळा आठवते. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मी थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परतले होते आणि शाळा सोडते, एवढंच सरांना सांगायला त्या दिवशी आले होते. पण तास सुरू झालेला, म्हणून मागं भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी परीक्षानळीतल्या जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य आम्ल ओतलं, तसे हायड्रोजनचे बुडबुडे उसळले. मग बर्नर पेटवून, खालचं हवेचं भोक उघडून त्यांनी पिवळी ज्योत निळी केली आणि विचारलं, "पेटती काडी नळीच्या तोंडाशी कोण धरतंय?" पुढची पोरं झटकन मागं सरकली. सरांची नजर माझ्यावर आली. "ये, तू धर." मी चाचरत म्हणाले, "सर, मला काईच येत न्हाई, मी इथं नव्हते." "मग तूच ये. ह्यांना पुढं काय होतंय ते आधीच ठावं हाय." मी बर्नरवर काडी पेटवून नळीच्या तोंडाशी नेली. फट्! मी किंचाळले आणि मग हसू आवरेना. "सर, अजून एकदा करू?" "कर की, जस्त लई हाय!" घरी आईनं विचारलं, "सांगितलंस का सरांना?" मी म्हणाले, "न्हाई, उद्या अजून एक प्रयोग हाय." आज मी बीडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, तरी फोनवर आई हसून विचारते, "संपला का गं तुझा प्रयोग?"